शत्रूने आणलेली वार्ता
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला जे निमंत्रणपत्र पाठविले त्यात ‘आपल्या ज्ञातीतील सैनिकांचे शौर्य’ या विषयावर बोलावे असे सुचविले होते. विषय थोर आहे. परंतु त्यावर बोलण्याचा अधिकार असलेली निवृत्त सुभेदार मंडळी पुढच्याच रांगेत बसली आहेत. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते त्यांनाच सांगण्याचे धाडस, आयुष्यभर खडूवाचून दुसरे शस्त्र हाती न धरलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाने करू नये. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून मी विषय थोडा बदलला आहे. शौर्याच्या अगदी शेजारी नांदणारी, परंतु सभासंमेलनांतून जिचे नाव क्वचितच निघते, अशी एक वस्तू आहे. ती म्हणजे रणांगणावर शत्रूला शत्रूविषयी वाटणारी करुणा.

हा विषय मला ग्रंथांतून सापडला नाही, घरी सापडला. माझे धाकटे काका १९६५ च्या सप्टेंबर महिन्यात पंजाबच्या आघाडीवर कामी आले. वय अवघे चोवीस. प्रथम तार आली, मागाहून पलटणीतून पत्र आले आणि काही आठवड्यांनी एक लाकडी पेटी आली. तीत दोन सदरे होते, दाढीचे सामान होते आणि आजीनेच दिलेली एक तुळशीची माळ होती. देह आला नाही. त्या काळी तो येत नसे. आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. वीरगती पावलेल्या जवानाचा देह गावी आणण्याची रीत रूढ झाली ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून.

आजीचा आकांत दिवसांनी ओसरला. परंतु एक प्रश्न तिने मरेपर्यंत सोडला नाही. सुट्टीवर आलेला कोणताही पलटणीतला माणूस दारावरून जाऊ लागला की ती त्याला हाक मारी, ओसरीवर बसवी, गूळपाणी पुढे ठेवी आणि विचारी, “शेवटी त्याच्याजवळ कोण होतं रं? तोंडात पाणी तरी घातलं का कुणी?” बिचारा खाली मान घाली. एकाला तिचा चेहरा पाहवला नाही. “होय आजी, मीच होतो, मीच पाणी पाजलं,” असे तो बोलून गेला. तो दुसऱ्याच पलटणीचा होता, हे आजीला पुरते ठाऊक होते. तिने त्याला पोटभर जेवू घातले, आणि पुढच्या महिन्यात दुसरा कोणी आला तेव्हा त्यालाही तोच प्रश्न विचारला.

गोळी कोणाची होती, लढाई कोणी जिंकली, हे तिने कधीही विचारले नाही. मला मात्र पुढे वाचन वाढल्यावर एक गोष्ट हळूहळू उमजली. आजी ज्यांना विचारीत होती त्यांच्यापाशी तिच्या प्रश्नाचे उत्तर नसण्याचाच संभव अधिक होता. हल्ला करीत पुढे गेलेल्या शिपायाचा शेवट पुष्कळदा त्याचे सोबती पाहत नाहीत. तो पाहतो समोरचा. मृत्यूचा एकमेव साक्षी तोच असतो, जो त्या मृत्यूला कारण झालेला असतो. मग त्या साक्षीदाराने तोंड उघडावे की नाही? उघडले तर कोणासाठी? आजचे माझे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

मृत शत्रूविषयी आदर बाळगणे आपल्याला परके नाही. रावण पडल्यावर त्याचे और्ध्वदेहिक करण्यास रामचंद्रांनी बिभीषणाला सांगितले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी ज्याच्याशी जिवावरचा प्रसंग गुदरला, त्याच्या देहाला महाराजांनी मूठमाती देवविली अशी परंपरा आहे. परंतु हे झाले राजांचे वर्तन. साध्या शिपायाने काय करावे, त्याच्या घरी वार्ता कोणी पोहोचवावी, याची व्यवस्था जगात फार उशिरा झाली, आणि ती होण्यास एका व्यापाऱ्याचे डोळे कारण झाले.

तो व्यापारी म्हणजे जिनिव्हाचा हेन्री ड्युनां. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे एका बाजूस फ्रान्स व सार्डिनिया आणि दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रिया अशी घनघोर लढाई झाली. ड्युनां आपल्या धंद्याच्या कामासाठी त्या बाजूस आला होता. जवळच्या कास्तिग्लिओने गावात जखमींचे लोंढे येऊन पडले, चर्चमधली जमीनही अपुरी पडली. गावातल्या बायका पाणी आणि चिंध्यांच्या पट्ट्या घेऊन धावल्या, आणि त्यांनी आपला कोण, परका कोण, हे पाहिले नाही. ज्या ऑस्ट्रियाविरुद्ध त्यांचा देश लढत होता त्या ऑस्ट्रियाच्या शिपायांच्याही तोंडात त्यांनी पाणी घातले. सारे भाऊच आहेत, अशा अर्थाचे शब्द त्या बायका पुन्हा पुन्हा उच्चारीत होत्या, असे ड्युनांने नमूद करून ठेवले आहे. त्याच्या १८६२ सालच्या पुस्तकातून रेड क्रॉसची स्थापना झाली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्या पुस्तकातील एक लहानसा प्रसंग शाळेत शिकवीत नाहीत. वीस वर्षांचा एक फ्रेंच शिपाई मरणाच्या दारी होता. लिऑं शहरातील आईबापांचा तो एकुलता एक मुलगा. ड्युनांने त्याचा पत्ता टिपून घेतला आणि त्याच्या अखेरीची वार्ता आईबापांना कळविली. त्याखेरीज दुसरी कोणतीही वार्ता त्यांना मुलाविषयी मिळाली नाही. रेड क्रॉस म्हटले की आपल्यापुढे पट्ट्या आणि औषधे उभी राहतात. मला मात्र तो टिपून घेतलेला पत्ता अधिक मोलाचा वाटतो.

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, याच कामासाठी जिनिव्हात युद्धकैद्यांची एक मोठी कचेरी उघडण्यात आली. हरवलेले, पकडलेले, मेलेले अशा शिपायांची नावे लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी तिला कळवावयाची आणि तिने ती घरोघर पोहोचवावयाची. तिथे सुमारे सत्तर लाख कार्डे साठली. बायकांनी आणि स्वयंसेवकांनी हाताने लिहिलेली ही कार्डे म्हणजे सत्तर लाख वेळा कोणी तरी आजीच्याच प्रश्नाला उत्तर देऊ पाहत होते.

त्याच १९१४ च्या नाताळात फ्रान्स आणि बेल्जमच्या खंदकांतून इंग्रज व जर्मन शिपाई वर आले आणि त्यांनी एकमेकांना तंबाखू व मिठाई दिली, ही हकीकत आता बरीच प्रसिद्ध आहे. चेंडू खेळल्याच्या गोष्टी त्याहून प्रसिद्ध आहेत. परंतु कित्येक ठिकाणी पहिले काम खेळाचे नव्हते. दोन खंदकांमधल्या जमिनीत कित्येक आठवडे मृतदेह पडून होते आणि त्यांना माती देणे हे ते काम होते. एका ठिकाणी स्कॉटिश आणि जर्मन शिपाई समोरासमोर उभे राहिले, आणि एकच प्रार्थना इंग्रजीत व जर्मन भाषेत म्हटली गेली. आपल्या देशातील गढवाल रायफल्सचे शिपाईही त्या दिवशी त्या आघाडीवर होते आणि तेही जर्मनांना भेटले. हिमालयाच्या कुशीतला तो पोर, समोरच्या जर्मनाशी खुणांनी काय बोलला असेल! वरिष्ठांना हा प्रकार रुचला नाही. पुढच्या वर्षी तो होऊ नये म्हणून कडक हुकूम सुटले. मी सेनापती असतो तर मीही बहुधा तेच केले असते. खंदकातल्या माणसाने समोरच्याचा चेहरा ओळखू लागणे सेनापतीला परवडत नाही.

आता मी आपल्या घराजवळ येतो. अरुण खेत्रपाल हे नाव येथे कोणाला सांगावे लागणार नाही. त्यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत त्यांचे शिक्षण झाले. तेथील संचलनाच्या मैदानाला आज त्यांचेच नाव आहे. १९७१ च्या जूनमध्ये ते पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीत अधिकारी झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात युद्ध आले. १६ डिसेंबर रोजी शकरगड विभागात, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ, पाकिस्तानच्या रणगाड्यांनी जोराचा प्रतिहल्ला चढविला. मदतीची हाक ऐकून खेत्रपाल आपण होऊन पुढे गेले. त्यांच्या रणगाड्यावर गोळा आदळून तो पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम झाला. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळविले आणि ते लढत राहिले. वय एकवीस. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेस, रात्री आठ वाजता पश्चिम आघाडीवर तोफा थांबल्या. युद्ध थांबल्याची वार्ता त्यांच्या घरी आधी पोहोचली, मुलाची नंतर. परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा तो रणगाडा अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, चिलखती दलाच्या केंद्रात जतन करून ठेवलेला आहे.

इथवरची कथा शौर्याची आहे. पुढची कथा घडावयास तीस वर्षे लागली.

अरुण यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल हेही सैन्यातलेच. मूळचे ते सरगोध्याचे, म्हणजे फाळणीने पलीकडे गेलेल्या मुलखातले. २००१ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, मरण्यापूर्वी जन्मगाव एकदा पाहावे म्हणून ते पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांच्या आतिथ्याचा भार ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासर या निवृत्त अधिकाऱ्याने उचलला. हा माणूस आपल्याशी इतक्या आदराने का वागतो, घरातली लहानथोर माणसे आपल्यापुढे इतकी लीन का होतात, हे पाहुण्याला उमगेना. परतीच्या आदल्या रात्री यजमान म्हणाले, मला आपल्याला काही सांगावयाचे आहे. १६ डिसेंबर १९७१ च्या त्या सकाळी तुमच्या मुलासमोर मी होतो. तो माझ्या हातून गेला. त्या दिवशी आमच्या आणि विजयाच्या मध्ये तो एकटा उभा होता.

श्रोतेहो, मी ही हकीकत अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी त्या रात्रीपाशी येऊन थांबतो. नासर गप्प राहिले असते तर त्यांना कोण विचारणार होते? पाहुणा सकाळी निघून गेला असता, आतिथ्याची आठवण गोड राहिली असती. तीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट त्या वृद्ध पित्यासमोर उघडी करण्याने नासर यांच्या पदरात पडणार होता तो फक्त धोका: शापाचा, निदान तिरस्काराचा. तरीही ते बोलले. पित्याने यजमानावर राग धरला नाही. तो स्वतः सैनिक होता. समोरच्यानेही आपले कर्तव्यच केले, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पुढे नासर यांनी त्या भेटीची छायाचित्रे पाठविली. सोबतच्या मजकुरात त्यांनी अरुण यांना ओलांडता न येणाऱ्या खडकाची उपमा दिली होती.

काही वृत्तपत्रांनी या भेटीला ‘मैत्री’ म्हटले. मला तो शब्द पटत नाही. नासर यांनी गोळा झाडल्याबद्दल क्षमा मागितली नाही, आणि मागावयासही नको होती. खेत्रपालांचा गोळा आधी लागता तर आज नासर यांचे नाव कोणी घेतले नसते. दया म्हणून त्यांनी बंदूक खाली ठेवली असेही झाले नाही. त्यांनी दिली ती साक्ष. तुमचा मुलगा कसा लढला आणि कसा पडला, हे जगात ज्याला सर्वांत जवळून ठाऊक होते, त्याने ते पित्यापाशी नेऊन पोहोचविले.

त्याच जरपालच्या रणात दुसरीही एक गोष्ट घडली, ती फारशी सांगितली जात नाही. तेथे आपली तिसरी ग्रेनेडियर्स पलटण होती. मेजर होशियार सिंग यांना परमवीर चक्र मिळाले ते इथेच. १७ डिसेंबरला पाकिस्तानच्या लेफ्टनंट कर्नल महंमद अक्रम राजा यांनी आपल्या पलटणीच्या अग्रभागी राहून हल्ला केला आणि ते पडले. ग्रेनेडियर्सचे अधिपती लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश ऐरी यांनी, ज्याने आपली माणसे मारली त्या शत्रूच्या शौर्याची प्रशस्ती स्वतःच्या हाताने लिहून दिली. राजा यांना त्यांच्या देशाने हिलाल-ए-जुरत हा सन्मान दिला.

तोच प्रकार पुन्हा १९९९ साली टायगर हिलवर झाला. तेथे पडलेल्या शत्रूमध्ये कॅप्टन कर्नल शेर खान नावाचा एक तरुण अधिकारी होता. कर्नल हा त्याचा हुद्दा नव्हे, ते त्याचे नाव. हा माणूस विलक्षण जिद्दीने लढला, असे आपल्या जवानांनी ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांना सांगितले. देह परत पाठविताना बाजवा यांनी त्याच्या खिशात एक चिठ्ठी घातली: हा शौर्याने लढला आहे, याचे श्रेय याला मिळावे. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला. खिशातल्या एका चिठ्ठीने पलीकडच्या एका घराला कळले की आपला मुलगा कसा गेला.

परंतु मी येथे थांबलो तर आपल्याशी अप्रामाणिकपणा होईल. त्याच युद्धात, त्याच डोंगरांत, कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच सोबती पकडले गेले. ९ जून १९९९ रोजी त्यांचे देह परत मिळाले, आणि त्यांवरील छळाच्या खुणा पाहून सारा देश हादरला. पलीकडून आरोपाचा इन्कार झाला. ज्या आईबापांनी ते देह पाहिले त्यांच्यापुढे उभे राहून शत्रूच्या करुणेचे गोडवे गाण्याची माझी छाती नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांत जखमींना उचलावे, मृतांची विटंबना होऊ देऊ नये, त्यांची ओळख टिपून घरी वार्ता द्यावी, हे सारे लिहिलेले आहे. आपल्याकडे १९६० साली त्यासाठी कायदाही झाला. परंतु डोंगराच्या माथ्यावर, रात्री, साक्षीला कोणी नसताना, कागद कामास येत नाही. तेथे तो एक माणूस आणि त्याचे घरचे संस्कार एवढेच उरते. बाजवांची चिठ्ठी मला मोठी वाटते ती याचमुळे. कालियांची वार्ता ताजी असताना ती लिहिली गेली.

आणखी एकच प्रसंग सांगतो, कारण तो माझे काका गेले त्याच महिन्यातला आहे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे लहान विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानच्या एका लढाऊ विमानाने पाडले. आतील आठही माणसे दगावली. गोळ्या झाडणारा तरुण वैमानिक कैस हुसैन याला नियंत्रण कक्षातून तसा हुकूम होता. हे विमान नागरी होते आणि आत कोण होते, हे त्याला मागाहून कळले. शेहेचाळीस वर्षांनी, २०११ साली, त्याने त्या विमानाचे चालक जहांगीर इंजिनियर यांच्या कन्येचा ठावठिकाणा शोधून तिला पत्र लिहिले आणि त्या दुपारी आकाशात काय घडले ते सविस्तर कळविले. तिनेही उत्तर पाठविले. आपल्या मनात त्याच्याविषयी कटुता नाही, असे तिने लिहिले. वडिलांच्या अखेरच्या घटका तिला कळल्या त्या अशा, ज्याने त्या आणल्या त्याच्याच लेखणीतून.

ते पत्रोत्तर वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आजी १९८७ साली वारली. त्या क्षणी माझ्या मनात आले की सीमेपलीकडे, एखाद्या खेड्यात, काकांच्या अखेरीचा साक्षी असलेला एखादा म्हातारा ओसरीवर बसलेला असेल. त्याच्या मनात ते असेल की नसेल? आमच्या काकांनीही कोणाचा शेवट पाहिला असेलच, आणि तिकडच्या एखाद्या आजीला त्याचे उत्तर कधी मिळाले नसेल. हे दुसरे मला वयाच्या साठीनंतर सुचले, याची लाज वाटते.

माझ्या बोलण्यावर एका सुभेदारसाहेबांनी काल चहाच्या वेळी आक्षेप घेतला, तो सांगणे माझे कर्तव्य आहे. ते म्हणाले, “गुरुजी, हे तरण्या पोरांपुढे बोलू नका. चढाईच्या वेळी हात अडखळेल.” मी त्यांना विचारले, “आपण कधी समोरच्या जखमीला पाणी पाजले आहे?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाजलंय की. पण लढाई संपल्यावर.” त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते सांगण्याची परवानगी त्यांनी मला दिलेली नाही.

आता माझी एक विनंती. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत माळ्यावरच्या पेट्यांत पलटणीतून आलेली पत्रे पडून आहेत. कागद पिवळे पडले, शाई उडत चालली. ज्या पत्रांत समोरच्या बाजूच्या माणसाविषयी एखादे वाक्य असेल, किंवा कोणाच्या अखेरीची हकीकत असेल, ती पत्रे, निदान त्यांच्या नकला, संस्थेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या छापता येतील असे चिटणीसांनी मान्य केले आहे. मूळ पत्रे पोच देऊन घेतली जातील आणि परत हवी असल्यास परत केली जातील. ज्यांना लिहिता येत नाही अशा वृद्ध जवानांकडून ऐकून घेऊन लिहून काढण्यास मी स्वतः रविवारी सकाळी दहा ते बारा कार्यालयात बसेन. आमच्या घरची काकांची तीन पोस्टकार्डे मी आजच चिटणीसांच्या हवाली केली आहेत.